डबल बेलची वाट

डेपोच्या फळ्यावर नोटीस लागली तेव्हा कंडक्टरबाई तिसरी फेरी संपवून चहा पीत होत्या. फळ्यापुढं ही गर्दी! बाईंना वाटलं, सुट्ट्यांची यादी लागली असणार. कोपरांनी वाट काढत त्या पुढं घुसल्या, कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला आणि वाचायला लागल्या. सुट्टी होती खरी, पण कायमची. येत्या वर्षापासून बसमध्ये कंडक्टर नसणार. लोक दाराशी कार्ड टेकवणार आणि आत शिरणार. असलेल्या कंडक्टरांपुढं दोन वाटा होत्या. एक, डेपोच्या तळघरातली कार्डाची खिडकी. दुसरी, तीन महिन्यांचं ड्रायव्हरचं प्रशिक्षण आणि मग परीक्षा. परीक्षेला दोन संधी. दोन्ही हुकल्या तर पुन्हा तीच खिडकी.

आता ही खिडकी काय चीज होती ते सांगायलाच हवं. जाड काच, काचेला ताटलीएवढं भोक, वर रात्रंदिवस जळणारी ट्यूबलाइट. आतल्या माणसाला बाहेरच्याची फक्त हनुवटी दिसायची आणि बाहेरच्याला आतल्याचा फक्त भांग. आणि बाई कोण, तर अठरा वर्षं चालत्या गाडीत दांडी न धरता उभ्या राहिलेल्या. कोणाचं पोर नापास झालं, कोणाची म्हातारी दवाखान्यात आहे, कोण कोणाशी बोलायचं थांबलंय, सगळं त्यांना ठाऊक. अशा बाईला काचेमागं बसवायचं म्हणजे जिवंतपणी फोटो करून भिंतीला टांगायचं, असं त्यांचं स्पष्ट म्हणणं पडलं. त्यांनी तिथल्या तिथं ड्रायव्हरचा अर्ज मागितला.

एकतीस कंडक्टरांतून चौघांनी अर्ज भरला. त्यात बाई एकट्याच बाई. कारकुनानं अर्ज घेताना विचारलं, "वय काय हो तुमचं?"

"त्रेचाळीस. सात नंबरची गाडी माझ्याहून दमलेली आहे, तरी चालवताच ना तुम्ही."

घरी मात्र एवढ्या झोकात बोलता येईना. नवरा न्हावी. दिवसभर लोकांच्या गळ्यावरून वस्तरा फिरवायचा, त्यामुळं बोलणं मोजकं आणि जपून. त्यानं ऐकून घेतलं, टॉवेल झटकला आणि म्हणाला, "तुला सायकल येत नाही."

खरंच येत नव्हती. तेवढ्यात आतून सासूबाईंचा आवाज आला. "सायकल पडते. बस कधी आपणहून पडलेली पाहिलीस का रे?"

सासूबाई चौथीपर्यंत शिकलेल्या, पण तोंडानं पदवीधर. त्यांनी त्याच दिवशी वाहतुकीच्या नियमांचं पुस्तक ताब्यात घेतलं. रोज जेवणं झाली की बाई भांडी घासायच्या आणि सासूबाई ओट्याशी स्टूल टाकून, एकेक अक्षर जोडत प्रश्न विचारायच्या. लाल कडेचा त्रिकोण म्हणजे काय, उतारावर गाडी उभी करताना पुढची चाकं कुठं वळवायची, दोन गाड्यांत अंतर किती. महिन्याभरात सुनेला पुस्तक पाठ झालं आणि सासूला त्याहून पाठ झालं. नवऱ्यानं स्कूटर दारात वाकडी लावली की म्हातारी नियमाचा आकडा सांगून त्याला पुन्हा बाहेर पाठवायची. तोही बिचारा जायचा.

प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवशी मैदानात जुनी गाडी उभी होती, पाठीवर भलामोठा "शिकाऊ" लिहिलेली. गाडीच्या पायरीवर कोण बसलं असावं? धक्कामामा. नशिबाचे फेरे असे असतात बघा.

धक्कामामा म्हणजे डेपोतले सगळ्यात जुने ड्रायव्हर. बाई सात वर्षं त्यांच्याच गाडीवर होत्या. माणूस सोन्यासारखा, गाडी घड्याळावर, अपघात एकही नाही. पण ब्रेक! मामांनी ब्रेक दाबला की मागच्या बाकावरचा माणूस मधल्या बाकावर यायचा आणि पुढच्याची पिशवी मामांच्या पायाशी. सात वर्षं रोज फेरी संपली की बाई पुढं जाऊन भांडायच्या आणि मामा रोज म्हणायचे, "थांबली ना गाडी? मग झालं." धक्कामामा हे नाव बाईंनीच पाडलेलं, आणि ते इतकं चिकटलं की एकदा ड्यूटीच्या तक्त्यावर कारकुनानं तेच लिहिलं होतं. पुढं मामांचे गुडघे कुरकुरायला लागले, म्हणून त्यांना शिकवण्याच्या कामावर टाकलेलं. निवृत्तीला चार महिने उरले होते.

"या," मामा म्हणाले. "सात वर्षं तुम्ही मला शिकवलंत. आता मी जरा शिकवतो."

"शिकवा, मामा. ब्रेक सोडून सगळं शिकवा."

मामांनी खरोखर सगळं शिकवलं. क्लच किती सोडायचा, गिअर कुठं अडखळतो, वळणावर मागचं चाक पुढच्या चाकाच्या मागोमाग येत नाही तर आतून कापून जातं, म्हणून गाडीचा पुढा आधी लांब न्यायचा. बाई अठरा वर्षं गाडीच्या मागच्या बाजूला जगल्यामुळं त्यांना मागचं चाक कुठं आहे ते न बघता कळायचं. मागं गाडी घेण्यात तर त्यांनी बाकीच्या तिघांना केव्हाच मागं टाकलं. एक खोड मात्र होती. नजर सारखी आतल्या आरशात, रिकाम्या बाकांवर. मामा ओरडायचे, "पुढं बघा, बाई. मागं कोणी विनातिकीट नाही."

ब्रेकचा तास उलटाच झाला. बाईंनी गाडी थांबवली आणि मामांना कळलंच नाही कधी थांबली. मामांनी विचारलं, हे काय केलंत. बाई म्हणाल्या, "उभ्या माणसाच्या पायांना विचारा. ब्रेक लागला की भार चवड्यांवर येतो, गाडी थांबली की टाचांवर आदळतो. तो आदळू द्यायचा नाही. थांबता थांबता पाय जरासा उचलायचा." मामा "हं" म्हणाले.

तीन महिने कसे गेले कळलं नाही. लेखी परीक्षेत बाईंना पन्नासपैकी अठ्ठेचाळीस पडले. उरलेल्या दोन मार्कांसाठी सासूबाई परीक्षा घेणाऱ्यांना पत्र लिहायला निघाल्या होत्या, त्यांना कसंबसं आवरलं. राहिली ती रस्त्यावरची परीक्षा. परीक्षक मॅडम बारीक चणीच्या, अबोल, हातात कागदाचा पॅड. ड्रायव्हरशेजारच्या बाकावर बसून त्या एवढंच म्हणाल्या, "नेहमीचा मार्ग, चार थांबे. मी बोलणार नाही."

मैदानातून गाडी झोकात निघाली. पहिला थांबा आला. बाईंनी गाडी कडेला लावली, दार उघडलं, दार मिटलं. आणि गाडी उभी राहिली. मॅडम बसल्या होत्या, बाई बसल्या होत्या, मागं एका मोटारीनं हॉर्न दिला. मग दुसरीनं दिला. मिनिट गेलं असेल. शेवटी मॅडमनाच बोलावं लागलं.

"काय झालं?"

"काही नाही, मॅडम."

"मग निघत का नाही?"

बाई अगदी शांतपणे म्हणाल्या, "बेल नाही झाली."

शब्द तोंडातून गेला आणि बाईंना तो ऐकू आला. गाडीत कंडक्टर नाही, बेलची दोरी नाही, आणि आपण डबल बेलची वाट बघत बसलोय! त्या इतक्या शरमल्या की गिअर टाकला आणि आरशात न बघताच गाडी काढली. मागून मोटार सुळकन निघून गेली, थोडक्यात वाचलं. मॅडमनी पॅडवर काहीतरी लिहिलं आणि मग उरलेल्या तिन्ही थांब्यांवर लिहीतच राहिल्या.

नापास. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट डेपोभर झाली. बाई दिसल्या की कोणीतरी पत्र्यावर दोनदा टकटक करायचं, आणि लोक हसून लोळायचे. बाईही पहिल्या दिवशी हसल्या. दुसऱ्या दिवशी त्यांना हसू आलं नाही.

पण विचार केला तर गोष्ट विचित्रच होती. तीन महिने गाडी नीट निघायची, मग परीक्षेतच का अडली? उत्तर मामांनी दिलं, आणि तेही मान खाली घालून. "बाई, चूक माझी आहे. परवा दुसऱ्या शिकाऊला घेऊन गेलो, तेव्हा ध्यानात आलं. दार मिटलं की मी पत्र्यावर अंगठी आपटतो. दोनदा. आपोआप. तुमच्याशेजारी बसून तीन महिने मीच डबल बेल देत होतो, आणि तुम्ही निघत होतात. ना मला कळलं, ना तुम्हाला."

आता सांगा, यावर चिडायचं तरी कसं? सात वर्षं बाईंनी बेल द्यायची आणि मामांनी निघायचं. जागा बदलल्या, पण सवय दोघांच्याही अंगात तशीच मुरलेली. मामा म्हणाले, "मी वर लिहून देतो. तुमची संधी मोजू नका म्हणतो."

"मुळीच नको," बाई म्हणाल्या. "दुसऱ्या झटक्यात पास व्हायची मला सवय आहे. दहावीही तशीच झाले. फक्त तुम्ही हात आवरा."

मामांनी हात आवरले. म्हणजे अक्षरशः दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले. तर बुटाचं टोक वाजायला लागलं. बूट आवरला तर घशातून दोनदा "हं हं" निघालं. शेवटी मामा उठले आणि पार शेवटच्या बाकावर जाऊन तोंड मिटून बसले. आणि गाडी निघेना. दार मिटायचं, बाईंचा पाय क्लचवर, हात गिअरवर, आणि सगळं अंग कसलीतरी वाट बघत थिजलेलं. डोक्याला कळत होतं, पायाला कळत नव्हतं. जित्याची खोड म्हणतात ती हीच. निघायच्या तर त्या, पण उशिरा, दचकून, चोरासारख्या. असे चार दिवस गेले. परीक्षा आठवड्यावर आली.

चौथ्या दिवशी बाई घरी जाताना मुद्दाम तळघरातून गेल्या. खिडकीपाशी उभ्या राहून काचेतून आत बघितलं. आत एक रिकामी खुर्ची होती, गादी नवी, पाठ उंच. चांगली होती खुर्ची. गुडघे दुखणार नाहीत, ऊन लागणार नाही, चूक झाली तर कोणाचा जीव जाणार नाही. बाईंना रडायला आलं आणि आपल्याला रडायला येतंय याचाच राग आला.

घरी त्या भांडी घासायला बसल्या, पण आज पुस्तक नको म्हणाल्या. सासूबाईंनी स्टूल तरीही ओढलं. नवरा दाराशी कपड्यांवरचे केस झटकत उभा होता. बाईंनी सगळं सांगून टाकलं. पाय कसा हलत नाही ते सांगितलं, खुर्ची कशी आहे तेही सांगितलं. "अठरा वर्षांची सवय आहे हो, आई. बेल झाल्याशिवाय गाडी हलताच कामा नये, असं रक्तातच गेलंय."

सासूबाईंनी चष्मा काढला. "अगं, पण बेल वाजवत कोण होतं?"

"कंडक्टर."

"म्हणजे कोण?"

"म्हणजे मी."

"मग? अठरा वर्षं गाडी कधी निघायची ते तूच ठरवलंस ना? तो धक्क्या नुसता चाक धरून बसायचा. आता तुझं तूच ठरवायचं, तर वाट कोणाची बघतेस? वरून कोणी यायचंय का?"

बाईंच्या हातात घासलेलं पातेलं तसंच राहिलं. नवरा हळूच म्हणाला, "आई बरोबर बोलतेय." त्याच्याकडून हे वाक्य वर्षातून एकदा यायचं.

बाईंना आठवायला लागलं. बेल देण्याआधी आपण काय करायचो? दारात कोणाचा पाय नाही ना, बघायचो. म्हातारं माणूस बसलं का, बघायचो. धावत कोणी येतंय का, मागं बघायचो. मग दोरी ओढायचो. दोरी शेवटी यायची. खरं काम तर सगळं आधीच झालेलं असायचं, आणि ते करणारी मीच. दोरी नसली म्हणून काय बिघडलं, असं बाई स्वतःशीच मोठ्यानं म्हणाल्या आणि पातेलं पुन्हा घासायला लागल्या, दुसऱ्यांदा.

दुसऱ्या दिवशी दार मिटलं. बाईंनी दारात पाहिलं, आत पाहिलं, आरशातून मागं पाहिलं, आणि कोणाचीही वाट न बघता गाडी निघाली. शेवटच्या बाकावर मामांनी एवढा मोठा श्वास सोडला की तो पुढं ऐकू आला. मग आठवडाभर गाडी नुसती पळत होती. बाई घरात गुणगुणायच्या, डेपोत लोकांना चिडवायच्या, कोणी पत्र्यावर टकटक केलं तर "चला" म्हणून ठसक्यात पुढं जायच्या. एवढ्या खुशीत त्यांना डेपोनं कधी पाहिलं नव्हतं.

परीक्षेच्या दिवशी शिकाऊ गाडी बिघडली. आता बघा! त्याऐवजी मिळाली ती अशी गाडी, जिच्यात कार्डाची यंत्रं बसवायचं काम चाललेलं. पुढचे सगळे बाक उखडून ठेवलेले, ड्रायव्हरची जागा तेवढी शाबूत. मामांचं तोंड उतरलं. ते म्हणाले, मॅडम, उद्या घेऊ. मॅडम म्हणाल्या, उद्या दुसऱ्या डेपोत आहे. आणि त्या बाईंच्या मागं, दांडीला हात घालून उभ्या राहिल्या.

उभ्या राहिल्या! तीन महिन्यांत बाईंच्या गाडीत पहिल्यांदा कोणीतरी उभं होतं. दुसऱ्या कोणाला दडपण आलं असतं. बाईंच्या मात्र जिवात जीव आला. रिकाम्या बाकांना कसं सांभाळायचं हे त्यांना कधी कळलंच नव्हतं, पण उभं माणूस कसं सांभाळायचं ते त्यांच्या टाचांना ठाऊक होतं. त्यांनी आरशातून मॅडमच्या बुटांकडं एकदा पाहिलं. टाचा उंच होत्या. बाईंनी ठरवलं, या टाचा हलता कामा नयेत.

पहिला थांबा गेला. दार, आत, मागं, निघाली. दुसरा गेला. शाळा सुटलेली, मुलांचा लोंढा रस्त्यावर. बाईंनी गाडी मुंगीच्या पावलानं काढली. तिसऱ्या थांब्याच्या आधी मोठं वळण होतं. तिथं मॅडमना एका हातानं लिहिणं जमेना, म्हणून त्यांनी दांडी सोडली आणि पॅड दोन्ही हातांत धरला. वळण गेलं तरी त्यांनी दांडी पुन्हा धरली नाही. विसरल्याच. पान उलटलं, चष्मा सारखा केला, आणि लिहीत राहिल्या.

शेवटचा थांबा आला. गाडी कडेला लागली. बाईंनी दार उघडलं आणि हात मांडीवर ठेवले.

मॅडम पॅडवरून मान वर न करता म्हणाल्या, "पुढच्या थांब्यावर थांबवा."

"थांबलीय, मॅडम."

मॅडमनी मान वर केली. खिडकीतून बाहेर पाहिलं. उघड्या दाराकडं पाहिलं. मग स्वतःच्या पायांकडं पाहिलं. आणि लिहिलेली एक ओळ खोडली आणि तिच्या जागी दुसरी लिहिली.

निकाल त्याच दुपारी कारकुनाच्या टेबलावर आला. पास. बाईंनी तो कागद दोनदा वाचला, तिसऱ्यांदा चष्मा पुसून वाचला, आणि मग टेबलावर डोकं ठेवून हसत सुटल्या. डोळ्यांतून पाणी, तोंडात हसू. कारकून बिचारा पाण्याचा ग्लास घेऊन उभा. हुंदका आहे की हसू आहे हेच त्याला कळेना.

एक सोपस्कार राहिला होता. नेमणुकीच्या कागदावर प्रशिक्षकाचा शेरा लागतो. मामांनी आजवर हाताखालून गेलेल्या प्रत्येकाच्या कागदावर एकच शब्द लिहिला होता, "समाधानकारक." या वेळी त्यांनी पेन मागितलं, खुर्ची मागितली, आणि बराच वेळ चौकटीकडं बघत बसले. मग सावकाश लिहिलं, सही केली आणि कागद पुढं सरकवला.

कारकुनानं वाचलं. "मामा, हा काय शेरा झाला? इथं समाधानकारक किंवा असमाधानकारक लिहायचं असतं."

"माझ्याकडं याच्याहून मोठा शेरा नाही," मामा म्हणाले. "लावा तसाच."

बाईंनी कागद ओढून घेतला. मामांचं अक्षर वाकडंतिकडं, चौकटीबाहेर गेलेलं. लिहिलं होतं, "यांच्या गाडीत मी दांडी न धरता उभा राहीन."

बाई मामांकडं बघत राहिल्या आणि मामा छताकडं. मग बाईंनी कागद कारकुनापुढं ठेवला आणि विचारलं, "माझी उद्याची पहिली गाडी किती वाजता सुटते?"

"पाच चाळीसला."

"मामांना त्या मार्गावर काही काम आहे का उद्या?"

"मला?" मामा म्हणाले. "मला काय काम असणार? मी येतोच आहे."